अनुवादाच्या विद्यार्थ्यांनी शब्दकोश पाहण्यासाठी कोणते यंत्र घ्यावे?

अनुवादिनी

नमस्कार मंडळी. मी एका महाविद्यालयात अनुवाद पदविकेचा वर्ग घेते. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत अशा दोन्ही दिशांचा सराव अभ्यासक्रमात आहे. यंदा १९ विद्यार्थी आहेत. त्यांपैकी निम्मे तरी एस.टी.ने येऊन-जाऊन शिकतात आणि त्यांच्या गावात नेट मिळेलच याची खात्री नसते. विभागाला थोडा निधी मिळाला आहे, त्यातून शब्दकोश पाहण्यासाठी हातात मावतील अशी काही यंत्रे घ्यावीत असा विचार आहे. यंत्रे विभागाची राहतील आणि विद्यार्थी ती आळीपाळीने घरी नेतील.

माझ्यासमोर सध्या चार पर्याय आहेत: ई-रीडर, अँड्रॉइड टॅब, जपानमध्ये विद्यार्थी वापरतात तसा स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक शब्दकोश, आणि ओळीवर फिरवला की शब्दाचा अर्थ दाखवणारा स्कॅनर पेन. फोन मी मुद्दाम धरलेला नाही. तो प्रत्येकाकडे आहे, पण ‘अर्थ बघते’ म्हणून हातात घेतलेला फोन वीस मिनिटांनी खाली ठेवला जातो आणि तोवर वाक्य डोक्यातून गेलेले असते, हे मी रोज पाहते. ज्यांनी यांपैकी काही प्रत्यक्ष वापरले आहे त्यांनी अनुभव लिहावेत. जाहिरातीत काय लिहिले आहे ते मी वाचलेले आहे.

निप्पोनकर

जपानी इलेक्ट्रॉनिक शब्दकोशाबद्दल मी अधिकाराने लिहू शकतो, कारण पुण्यात जपानी शिकताना आणि नंतर जपानी-मराठी अनुवाद करताना मी बारा वर्षे कॅसिओचा एक्स-वर्ड वापरला आहे. यंत्र उघडताच सुरू होते. साध्या पेन्सिल सेलवर चालत असल्यामुळे चार्जर सोबत बाळगावा लागत नाही. ‘कोजिएन’सारखा मोठा जपानी कोश आणि ‘जीनियस’सारखा इंग्रजी-जपानी कोश एकाच ठिकाणी मिळतात. कांजीचा, म्हणजे जपानी चित्राक्षराचा, उच्चार माहीत नसला तरी ती लेखणीने पडद्यावर काढून शोधता येते. सगळ्यांत उपयोगी म्हणजे उडीची सोय. अर्थ वाचताना त्यातला एखादा शब्द अडला, तर त्यावर खूण करून एका कळीने थेट त्याच्या नोंदीवर जाता येते, आणि तेथून आणखी पुढे. कोश वाचायची सवय मला त्या कळीने लावली.

मात्र तुमच्या विद्यार्थ्यांना त्याचा काडीचाही उपयोग नाही. त्यात मराठी नाही आणि आपल्याला हवे ते कोश त्यात भरताही येत नाहीत. त्यामुळे हा पर्याय यादीतून काढून टाकावा. फक्त या यंत्राचे तीन गुण लक्षात ठेवून बाकीच्या पर्यायांना तीच कसोटी लावावी: झटकन सुरू होणे, खऱ्या कळा असणे, आणि एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीत जाता येणे.

तंत्रसेवक

अनुवादिनीताई, आपण यंत्रापासून सुरुवात केली आहे. माझ्या मते सुरुवात कोशापासून करावी. कोणता कोश कोणत्या स्वरूपात उपलब्ध आहे, यावर यंत्र ठरते.

नेट असेल तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, वझे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, बर्नत्सेन आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश हे सगळे शोधता येतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही संकेतस्थळावर आहेत. विश्वकोशही आहे. पण नेट नसताना काय, हा आपला खरा प्रश्न आहे, आणि तेथे दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे जुन्या कोशांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ फाइल आणि दुसरा म्हणजे स्टारडिक्टसारख्या स्वरूपात बांधलेल्या, शब्द टाइप करताच नोंद उघडणाऱ्या फाइल.

पीडीएफसाठी सहा इंची ई-रीडर निरुपयोगी आहे. मोल्सवर्थचे पान दोन रकान्यांचे आहे आणि टाइप बारीक आहे. ते पान सहा इंचांत बसवले तर वाचता येत नाही, मोठे केले तर ओळीगणिक सरकवत बसावे लागते. दहा इंचांचा पडदा असेल तर पूर्ण पान एका नजरेत येते. स्टारडिक्ट फाइलसाठी मात्र पडद्याचा आकार गौण आहे आणि कळफलक महत्त्वाचा. अँड्रॉइडवर या फाइल उघडणारी अनेक ॲप आहेत. संगणकावर गोल्डनडिक्ट आहे. ई-रीडरवर केओरीडर हे मुक्त सॉफ्टवेअर टाकता आले तर तेही स्टारडिक्ट वाचते.

शब्दांची वारी

मी तीन वर्षांपासून ई-रीडर वापरते. एका गोष्टीने माझी जी फजिती झाली ती सांगते, म्हणजे इतरांची टळेल.

इंग्रजी कादंबरी वाचताना शब्दावर बोट दाबून धरले की अर्थ येतो आणि तो अचूक येतो. ‘वेंट’वर बोट ठेवले तरी यंत्र ‘गो’ची नोंद उघडते, कारण इंग्रजी कोशात शब्दांची बदलणारी रूपे आधीच नोंदवून ठेवलेली असतात. हे पाहून मी खूश झाले आणि मराठी पुस्तक उघडून ‘पाण्यात’ या शब्दावर बोट ठेवले. काहीच सापडले नाही. ‘घोड्याने’, ‘केले’, ‘झाडांवरच्या’ यांचीही तीच गत झाली. यंत्र ‘पाण्यात’ हा शब्द जसाच्या तसा कोशात शोधत होते, आणि कोशात असतो ‘पाणी’. आपल्या भाषेत प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते.

दुसरी फजिती याहून वाईट होती. माझ्या यंत्रात देवनागरीसाठी हिंदी कोशही होता. ‘त्याला शिक्षा झाली’ या वाक्यात बोट ठेवले आणि ‘शिक्षण’ असा अर्थ आला. ‘चेष्टा’चा अर्थ ‘प्रयत्न’ आला. मला मराठी येते म्हणून मी हसले. पण मराठी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असलेला एखादा विद्यार्थी ते खरे मानून अनुवादात लिहील. उत्तर न देणारा कोश परवडतो, पण चुकीच्या भाषेत ठामपणे उत्तर देणारा कोश परवडत नाही.

तंत्रसेवक

वारीताई, अगदी नेमके निदान केलेत. त्यामुळे अनुवादाची दिशा महत्त्वाची ठरते. मूळ मजकूर इंग्रजी असेल तर बोट दाबून अर्थ पाहण्याची सोय उत्तम चालते आणि ई-रीडर पुरेसा ठरतो. मूळ मजकूर मराठी असेल तर विद्यार्थ्याने स्वतः मूळ शब्द ओळखून टाइप केला पाहिजे. गोल्डनडिक्टला हनस्पेल या शुद्धलेखन-तपासनीसाची मराठी फाइल जोडून प्रत्यय सोडवायचा प्रयत्न मी केला आहे. साध्या प्रत्ययांना थोडाफार उपयोग होतो, पण ‘झाडांवरच्या’सारख्या तीन थरांच्या शब्दापुढे ती हात टेकते.

जुना कोशवाचक

मी या सगळ्या यंत्रांच्या आधीचा माणूस आहे. माझ्याकडे मोल्सवर्थच्या १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीचे १९७५ साली पुण्यात झालेले पुनर्मुद्रण आहे. त्याची शिवण मी दोनदा बदलून घेतली आहे. यंत्राला माझा विरोध नाही, पण यंत्रात मोल्सवर्थ भरून देताना विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगितली नाही तर ते ‘हा कोश अपुरा आहे’ असे म्हणून सोडून देतील.

मोल्सवर्थमध्ये ‘करणे’ नाही, ‘करणें’ आहे. ‘गाव’ नाही, ‘गांव’ आहे. ‘पाच’ नाही, ‘पांच’ आहे. ‘कवी’ शोधाल तर मिळणार नाही, तेथे ‘कवि’ आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्यांनी व्युत्पत्तीमुळे दिले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले. त्याआधीचा प्रत्येक कोश जुन्या लेखनात आहे. छापील कोश चाळताना ही अडचण जाणवत नाही. ‘करणे’ शोधणारा डोळा जवळपासच ‘करणें’वर पडतो आणि तो अनुस्वार आपण लक्षातही घेत नाही. यंत्र मात्र अक्षर न् अक्षर जुळवून पाहते आणि एका टिंबासाठी ‘नोंद नाही’ म्हणून मोकळे होते.

जाता जाता आणखी एक सांगतो. कागदावर ‘वहिवाट’ शोधायला गेलो की खाली ‘वहिवाटणें’, ‘वहिवाटदार’ ही भावंडे न बोलावता भेटतात. अनुवादकाला पुष्कळदा हवा असलेला शब्द त्या शेजारात असतो. यंत्र घ्या, पण ज्या ॲपमध्ये मागची-पुढची नोंद सरकवून पाहता येते तेच घ्या.

कोर्टकचेरी

माझे पोट दस्तऐवजांच्या अनुवादावर चालते: खरेदीखत, हक्कसोडपत्र, मुखत्यारपत्र, फेरफार. वरच्या ‘वहिवाट’वरूनच लिहितो. एका शिकाऊ मुलीने ‘वहिवाटीचा हक्क’ याचा अनुवाद ‘रहदारीचा हक्क’ अशा अर्थाने केला होता, कारण तिच्या फोनमधल्या ॲपने वहिवाट म्हणजे रहदारी असे सांगितले होते. त्या दस्तात रस्त्याचा संबंधच नव्हता. जमीन कोण कसतो आणि किती वर्षे कसतो एवढाच प्रश्न होता.

कायद्याच्या कामात शब्द सुचून भागत नाही, ठरलेला शब्द वापरावा लागतो. ‘ईझमेंट’ला सुविधाधिकारच म्हणायचे, तेथे आपली प्रतिभा दाखवायची नाही. ‘तारण’, ‘गहाण’ आणि ‘नजरगहाण’ यांत पैशांचा व्यवहार बदलतो. वस्तू धनकोच्या ताब्यात गेली की ऋणकोकडेच राहिली, हे त्या एका शब्दावर ठरते. म्हणून माझ्या दृष्टीने भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आणि शासन व्यवहार कोश हे पहिले, मोल्सवर्थ दुसरा. यंत्रात हे कोश नेटशिवाय उघडत नसतील तर त्यांच्या छापील प्रती वर्गात ठेवाव्यात. त्या महाग नाहीत.

परीक्षेचाही विचार करावा. आमच्या वेळी अनुवादाच्या पेपरला छापील कोश नेऊ देत, यंत्र नेऊ देत नसत. आपल्याकडेही तसाच नियम असेल, तर वर्षभर टाइप करून शब्द शोधणारा विद्यार्थी परीक्षेत ‘क्ष’ हा ‘क’मध्ये शोधायचा की ‘ह’नंतर, याच विचारात पाच मिनिटे घालवील.

गोंयकार

आमच्याकडची अडचण थोडी निराळी आहे, पण यंत्र ठरवताना उपयोगी पडेल. गोव्यातल्या जमिनीच्या जुन्या कागदांत ‘आल्वारा’, ‘कोमुनिदाद’ असे पोर्तुगीज शब्द येतात. ते मराठी कोशांत मिळत नाहीत, आणि पोर्तुगीज कोशांत मिळाले तरी तेथला अर्थ गोव्यातल्या व्यवहाराला पुरत नाही. अशा वेळी मी दालगादोंचा १८९३चा कोंकणी-पोर्तुगीज कोश उघडतो. तो माझ्याकडे केवळ स्कॅन स्वरूपात आहे. तंत्रसेवक यांनी दहा इंचांबद्दल लिहिले आहे त्याला माझे अनुमोदन आहे. सहा इंचांवर तो कोश वाचून माझे डोके दुखले होते.

तंत्रसेवक

कोशवाचककाकांनी सांगितलेल्या अनुस्वाराच्या अडचणीवर उपाय आहे. स्टारडिक्टच्या रचनेत मूळ कोशाशेजारी पर्यायी शब्दांची एक वेगळी फाइल ठेवता येते. तिच्यात ‘करणे’ लिहून ते ‘करणें’च्या नोंदीकडे बोट दाखवते, एवढेच सांगायचे. मूळ कोशाला हात लागत नाही आणि विद्यार्थ्याने आजच्या लेखनात शब्द टाइप केला तरी जुनी नोंद उघडते. ‘णें’ने संपणारी सगळी क्रियापदे संगणकाला दिलेल्या दहा ओळींच्या सूचनांनी (स्क्रिप्टने) एका झटक्यात होतात, कारण तेथे नियम सरळ आहे. ‘गांव-गाव’, ‘पांच-पाच’, ‘कवि-कवी’ यांची यादी मात्र माणसाने डोळ्यांखालून घालावी लागेल. ‘अंत’मधला अनुस्वार उच्चारातला आहे, तो काढून चालणार नाही. यंत्राला हा फरक कळत नाही. मोल्सवर्थ इतका जुना आहे की त्याच्यावर असे काम करायला स्वामित्वहक्काचा प्रश्न येत नाही. परिभाषा कोशांबाबत मात्र आधी विचारून घ्यावे.

आणखी दोन खाचा आहेत. पहिली ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधीच्या मजकुरात ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले असते. दोन्ही दिसायला सारखीच असतात, पण ‘ॲसिड’ असे शोधले तर ‘अॅसिड’ सापडत नाही. दुसरी खाच ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’ची, म्हणजे आपण ज्याला पापणी म्हणतो त्या ‘र’ची. तोही दोन तऱ्हांनी लिहिला जातो आणि तेथेही हाच खेळ होतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅश दाबले की ‘ऱ्य’ ठरलेल्या पद्धतीने उमटतो. वर्गात सगळ्यांनी एकच कळफलक वापरला तर निम्मी भांडणे मिटतात.

शब्दांची वारी

स्कॅनर पेनबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहिते. मैत्रिणीचा पेन मी आठवडाभर वापरला. इंग्रजी छापील ओळ तो चटकन वाचतो. त्याला देवनागरी ओळखता येत नव्हती आणि शिरोरेषा दिसली की तो तिला अधोरेखन समजत असावा, असे त्याच्या उत्तरांवरून वाटत होते. घेऊ नका.

अनुवादिनी

सर्वांचे मनापासून आभार. धागा वाचून मी वर्गात एक चाचणी घेतली, तिचा वृत्तान्त देते.

तीन यंत्रे उसनी आणली: माझा सहा इंची ई-रीडर, एका सहकाऱ्याचा दहा इंची अँड्रॉइड टॅब आणि त्याला ब्लूटूथने जोडलेला छोटा कळफलक, आणि एका विद्यार्थ्याचा फोन, सगळ्या सूचना बंद करून. चौथ्या बाजूला ग्रंथालयातून आणलेला छापील मोल्सवर्थ. नेट बंद ठेवले. एका जुन्या खरेदीखतातला परिच्छेद घेतला आणि त्यातले वीस शब्द फळ्यावर न लिहिता मुलांनाच शोधायला सांगितले, म्हणजे मूळ शब्द ओळखण्याचे कामही त्यांच्याकडेच राहिले.

ई-रीडर सर्वांत आधी बाद झाला. त्याच्या पडद्यावर एक-एक अक्षर उमटायला जो वेळ लागतो तो वाचताना जाणवत नाही, टाइप करताना असह्य होतो. ‘चतुःसीमा’ लिहिताना एका मुलीने विसर्ग तीनदा दिला, कारण दाबलेला विसर्ग दिसतच नव्हता, आणि मग एकदम तिन्ही उमटले. वर्ग पोट धरून हसला. फोन वेगात पुढे होता. टॅब त्याच्या किंचित मागे होता, पण टॅबवाल्या गटाने एक गोष्ट केली जी फोनवाल्यांनी केली नाही. त्यांनी अर्ध्या पडद्यावर कोश आणि अर्ध्यावर मजकूर ठेवला, त्यामुळे त्यांना वाक्य सोडून जावे लागले नाही. आणि छापील कोशाचा गट सर्वांत मागे राहिला, पण ‘वहिवाट’चा योग्य अर्थ फक्त त्यांनीच पकडला, कारण त्यांनी पूर्ण नोंद वाचली. यंत्रावरच्या दोन्ही गटांनी पहिला अर्थ उचलला होता. हे यंत्राचे पाप नाही, आमच्या शिकवण्याचे आहे, आणि पुढच्या आठवड्याचा तास मी त्यावरच ठेवला आहे.

तेव्हा आमचे ठरले ते असे. दहा इंचांचे सहा टॅब आणि त्यांना खऱ्या कळांचे सहा कळफलक घेत आहोत. तिघांत एक टॅब पुरेल, एका गटात चौघे होतील. सिमकार्डाची सोय नसलेलेच टॅब घेणार आहोत, म्हणजे पैसेही वाचतील आणि लक्षही राहील. मोल्सवर्थची फाइल तंत्रसेवक यांनी दिलेल्या पद्धतीने बांधू. दालगादोंचा कोश आणि इतर स्कॅन त्यातच राहतील. उरलेल्या पैशांतून न्यायव्यवहार कोश आणि शासन व्यवहार कोश यांच्या दोन-दोन छापील प्रती येतील, आणि परीक्षेच्या आधीचा महिना फक्त छापील कोश वापरायचा असा नियम केला आहे. ई-रीडर विभागासाठी घेत नाही, पण ज्यांना इंग्रजीतूनच मराठीत यायचे आहे आणि वाचन पुष्कळ आहे, त्यांनी स्वतःसाठी घ्यायला हरकत नाही.

तंत्रसेवक

निर्णय पटला. दोन सूचना करतो. टॅब घेताना साठवण किती आहे यापेक्षा कार्ड घालायची खाच आहे का ते पाहावे, कारण कोशांची मूळ प्रत कार्डावर असली की एका यंत्रात बिघाड झाला तरी पाच मिनिटांत दुसऱ्यात उभी राहते. आणि ब्लूटूथ कळफलक दुकानातच इनस्क्रिप्टला लावून पाहावा. काही स्वस्त कळफलकांवर भाषा बदलायची कळ चालत नाही, हे घरी आणल्यावर कळते.

पर्यायी शब्दांच्या यादीचे काम एकट्याने करू नये. विद्यार्थ्यांना अक्षरे वाटून द्यावीत. जुने लेखन आणि नवे लेखन यांचा इतका चांगला अभ्यास दुसऱ्या कशाने होणार नाही.

अनुवादिनी

अक्षरे वाटून झाली आहेत. ‘क’ इतका मोठा निघाला की तो तिघांत फोडावा लागला, आणि ‘स’साठी कोणी तयार नव्हते, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. आज ‘च’पर्यंत आलो आहोत. बाहेरून कोणाला हातभार लावायचा असेल तर ‘प’ आणि ‘म’ अजून मोकळे आहेत.

जुना कोशवाचक

मला ‘ळ’ द्यावा. वयोमानाप्रमाणे तेवढेच झेपेल.